ट्रिअर : जर्मनीतलं म्हातारं रोमन गाव आणि भोकाभोकांचा दरवाजा

वाटसरू
मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज मुहूर्त लागला. मी लक्झेंबर्गला असतो, आईबाबा आलेत तीन महिन्यांसाठी. इथून ट्रिअर ट्रेननं तासाभराच्या आत, त्यामुळे पाहुणे आले की ट्रिअर ठरलेलंच. माझी ही सहावी का सातवी खेप असेल, पण आधीच्या सगळ्या नुसत्या फोटो काढण्यात गेल्या. या वेळी आईनं एक प्रश्न विचारला आणि मी चाटच पडलो.

स्टेशनवरून दहा मिनिटं चाललं की समोर पोर्टा निग्रा येतं. काळाकभिन्न दरवाजा, जवळजवळ तीस मीटर उंच. आई जवळ गेली, दगडावर हात फिरवला आणि म्हणाली, "अरे, याच्यावर गोळ्या झाडल्यात का कुणी?" बघतो तर खरंच, दगडादगडाच्या सांध्यावर मुठीएवढी भोकं. एकदोन नाही, सगळीकडे. इतक्या वेळा आलो पण माझ्या डोक्यात हा प्रश्न आला नव्हता हो.

तर झालंय असं. हा दरवाजा इ.स. १७० च्या सुमाराचा. पायाजवळचं लाकूड सापडलं, त्याच्या वलयांवरून २०१८ मधे साल पक्कं झालं, नाहीतर आधी शंभर दीडशे वर्षांचा घोळ होता. दगड वालुकाश्म, काही काही सहा टनांपर्यंतचे, आणि मधे चुना नाही, काही नाही. दगडावर दगड आणि ते धरून ठेवायला लोखंडी आकडे, वर शिसं ओतलेलं. रोमन गेल्यावर पुढच्या लोकांना लोखंड आणि शिसं पाहिजे होतं, त्यांनी भोकं पाडून आकडे उपटून नेले. ती ही भोकं. मजा म्हणजे आकडे काढले तरी दरवाजा पडला नाही, स्वतःच्या वजनावर उभा आहे.

मग अख्खाच का नाही पाडला? कारण सिमिऑन नावाचा एक साधू. मूळचा सिसिलीतल्या सिराक्यूजचा, ग्रीक. ट्रिअरच्या आर्चबिशप पोप्पोबरोबर जेरुसलेमला वाटाड्या म्हणून गेला, परत आल्यावर १०३० मधे त्यानं स्वतःला या दरवाज्याच्या बुरुजात कोंडून घेतलं आणि पाच वर्षांनी तिथेच वारला. लगोलग संतपद मिळालं आणि पोप्पोनं अख्ख्या दरवाज्याचं चर्च करून टाकलं. एकावर एक दोन चर्चं! शहरात यायला बाजूनं वेगळा छोटा दरवाजा काढला. रोमनांचे बाकीचे दरवाजे दगडाच्या भावात गेले, हा देवाच्या नावावर वाचला.

पुढे १८०४ च्या ऑक्टोबरात नेपोलियन आला. तेव्हा ट्रिअर फ्रान्सकडे होतं. तो म्हणाला चर्च काढा, रोमन दरवाजा मोकळा करा. आणि काढलं. पूर्वेकडचा चर्चचा अर्धगोल भाग मात्र ठेवला, तो आजही चिकटलेला दिसतो.

माझं म्हणणं एवढंच, की या गावात रोमन वारसा कुणी "जपला" वगैरे नाहीये. ज्याला जे कामाला आलं ते त्यानं वापरलं, आणि वापरात होतं तेच वाचलं. तुम्हाला काय वाटतं? आणखी कुणी गेलंय का?

चिवचिवाट
रुमाल टाकून ठेवते. सविस्तर वाचून मग लिहिते. फोटो कुठेत??

शंकासूर
लेख आवडला पण ही थिअरी जरा घाईची वाटते. वापरात होतं ते वाचलं म्हणता, मग इगलचा खांब? ट्रिअरपासून आठनऊ किलोमीटरवर इगल गाव आहे, तिथे २३ मीटरचा रोमन थडग्याचा खांब उभा आहे, साधारण इ.स. २५० चा. सेकुंदिनी नावाचं कापडाच्या व्यापाऱ्यांचं घराणं होतं, त्यांचा. त्याचा कुणाला काय उपयोग? गोठ्यालाही कामाचा नाही.

वाटसरू
शंकासूर, नेमकं बोट ठेवलंत. पण तो गैरसमजावर वाचलाय! मध्ययुगात लोकांना वाटायचं की खांबावर कोरलेलं जोडपं म्हणजे रोमन बादशहा कॉन्स्टंटाईनचे आईबाप, कॉन्स्टन्टियस आणि हेलेना. हेलेना म्हणजे संत, मग तिच्या खांबाला हात कोण लावणार. प्रत्यक्षात कापडवाले शेठजी आणि त्यांचं कुटुंब. खाली कापडाचे गठ्ठे बांधताना, कापड तपासताना कोरलेले लोक दिसतात. म्हणजे माझी थिअरी सुधारून घेतो : वापरात होतं ते वाचलं किंवा चुकून वाचलं :)

कडवट
थिअरीला ठिगळ लावलं की ती थिअरी राहत नाही, गोधडी होते.

राईनकाठचा
मी कलोनला राहतो (हो, तुमचं कोलोन), त्यामुळे निषेध नोंदवून ठेवतो. आमच्या गावाचं नावच मुळी रोमन "कोलोनिया" वरून आलंय. इ.स. ५० मधे क्लॉडियस बादशहानं कोलोनियाचा, म्हणजे रोमन वसाहतीचा, दर्जा दिला कारण त्याची बायको अग्रिपिना इथे जन्मली होती. ट्रिअरवाले उगाच "जर्मनीतलं सगळ्यात जुनं शहर" म्हणून पाट्या लावून बसतात.

वाटसरू
राईनकाठचे साहेब, हा वाद तर मेनूकार्डावर असतो इकडे. ट्रिअरचा दावा असा की मोझेल नदीवरच्या पहिल्या लाकडी पुलाचे खांब इ.स.पू. १८-१७ चे निघाले, आणि म्हणून स्थापना इ.स.पू. १६ च्या आसपास धरतात. १९८४ मधे दोन हजारावा वाढदिवसही झाला. आउग्स्बुर्ग, केम्पटन, वर्म्स यांचेही आपापले दावे आहेतच. पण तुमच्या कलोनला बादशहा राहिला का? ट्रिअरला राहिला. इ.स. २९३ पासून कॉन्स्टन्टियस क्लोरस, मग ३०६ पासून त्याचा पोरगा कॉन्स्टंटाईन, नंतर व्हॅलेंटिनियन, ग्रेशियन. ब्रिटनपासून स्पेनपर्यंतचा कारभार इथून चालायचा. आता तिथे लाखभर वस्ती आहे आणि रात्री आठनंतर कुत्रं रस्त्यावर नसतं.

राईनकाठचा
बरं बरं. पण आमच्याकडे कार्निव्हल आहे.

ए२ची_विद्यार्थिनी
मला इतिहासातलं कळत नाही पण पुण्यात जर्मन शिकतेय म्हणून एक गंमत सांगते, आमच्या मॅडमनी सांगितलेली. बांधकामाचे बरेच जर्मन शब्द लॅटिनमधून आलेत. खिडकी फेन्स्टर, वीट किंवा कौल त्सीगल, तळघर केलर, रस्ता श्ट्रासे. आणि भिंतीला दोन शब्द आहेत. "माउअर" म्हणजे दगडविटांची भिंत, हा लॅटिन. आणि "वाण्ड" म्हणजे साधी भिंत, हा त्यांचा स्वतःचा, तो विणणे या क्रियापदाशी संबंधित आहे, कारण त्यांच्या भिंती काटक्या विणून वरून माती लिंपलेल्या असायच्या. आपला कूड! म्हणजे कूड यांचा आणि दगडी भिंत रोमनांची. मला हे ऐकल्यापासून दोन शब्दांत कधी गोंधळ होत नाही. बाकी डेर डी दास (शब्दांची तीन लिंगं) मधे होतो तो होतोच.

शंकासूर
वा! या एका प्रतिसादासाठी धागा वसूल.

आजीचा_बटवा
वाईन पण लॅटिनच ना? आणि कैसर म्हणजे सीझर. पोर्टा निग्रा बघताना वाईन प्यायलात की नाही ते सांगा वाटसरू, आईबाबांसमोर खोटं बोलायची गरज नाही इथे.

वाटसरू
आजी, मी फीत्स प्यायलो. सफरचंदाची आंबट दारू असते, पांढऱ्या चिनीमातीच्या मगात देतात. तिथले लोक सांगतात की हा शब्दपण लॅटिनवरूनच आलाय, "वाईनच्या जागी" अशा अर्थाचा. वाईन मोझेलची जगप्रसिद्ध आहेच, ऑसोनियस नावाच्या कवीनं ३७१ च्या सुमाराला या नदीवर मोठी कविता केली त्यात काठावरच्या द्राक्षमळ्यांचं वर्णन आहे. आणि ट्रिअरच्या म्युझियममधे नॉयमागेन गावात सापडलेलं दगडी जहाज आहे, दारूची पिंपं भरलेलं, वल्ही मारणारे लोक, त्यातला एक गडी चक्क हसतोय. वाईनच्या व्यापाऱ्याचं थडगं होतं ते. पुढे कॉन्स्टंटाईनच्या काळात किल्ल्याच्या भिंतीला दगड कमी पडले म्हणून असली थडगीच्या थडगी पायाभरणीत घातली. म्हणजे दगड पळवायचं काम पुढच्या लोकांनी सुरू नाही केलं, रोमनांनीच सुरू केलं.

दगडोबा
सिव्हिलवाला आहे, त्यामुळे पुलाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही सगळे दरवाज्याला चिकटलात, खरी चीज तो मोझेलवरचा रोमन पूल आहे. आजचे बहुतेक खांब इ.स. १४४ ते १५२ च्या दरम्यानचे, जवळच्या आयफेल डोंगरातल्या काळ्या बसाल्टचे, आणि वरून आज गाड्या जातात. प्रदर्शन नाही, रोजची रहदारी! वरच्या कमानी मात्र रोमन नाहीत. १६८९ मधे चौदाव्या लुईच्या फौजेनं त्या उडवल्या आणि १७१६ ते १८ मधे नव्या बांधल्या. मार्च १९४५ मधे अमेरिकन रणगाडेवाल्यांनी शहर घेतलं तेव्हा हाच पूल त्यांना शाबूत मिळाला. खांबांची पुढची बाजू बघा, प्रवाह येतो त्या अंगाला निमुळती केलेली आहे, बर्फ आणि ओंडके फुटून बाजूला जावेत म्हणून. साधी गोष्ट, पण पूल टिकतो तो अशानंच.

कडवट
आणि आमच्याकडे उद्घाटनाच्या फिती सुकायच्या आत... जाऊ दे, अवांतर.

मी_कोल्हापुरी
अवांतरच करायचं तर माझंपण घ्या. रोमन रोमन करताय, कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या उत्खननात पोसायडनची ब्राँझची मूर्ती सापडलीय, टाऊन हॉल म्युझियममधे आहे. वीतभर असेल पण काय घडवलीय राव. तेरलापण रोमन बनावटीचा माल मिळालाय. आमच्याकडं ते दगड घेऊन नाही आले, व्यापार करून गेले, हाच फरक. कुणी आलं कोल्हापूरला तर बघून जा, तिकडं कुणी फिरकत नाही.

चिवचिवाट
वाचून आले. मला ती मोठ्ठी लाल इमारत आवडली होती, बॅसिलिका. आत गेलं की एकदम छातीत धस्स होतं इतकी रिकामी. आम्ही गेलो तेव्हा कुणीतरी ऑर्गनची प्रॅक्टिस करत होतं, आणि स्वर थांबला तरी सातआठ सेकंद तो वर छतापाशी फिरत राहायचा. पण बाजूला गुलाबी रंगाचा केकसारखा राजवाडा चिकटवलाय तो काय प्रकार आहे??

वाटसरू
चिवचिवाट, तोच तर माझा मुख्य साक्षीदार! ती कॉन्स्टंटाईनची दरबाराची खोली. ६७ मीटर लांब, २७ च्या आसपास रुंद, ३३ उंच, मधे एक खांब नाही. जमिनीखालून आणि भिंतीतून गरम हवा खेळवायची सोय होती. आणि अर्धगोलातल्या मधल्या खिडक्या बाजूच्यांपेक्षा मुद्दाम लहान केल्यात, त्यामुळे बादशहा बसायचा ती जागा आहे त्यापेक्षा लांब आणि मोठी भासते. भेटायला येणाऱ्याची निम्मी हवा चालता चालताच गुल.

नंतर ती आर्चबिशपांकडे गेली, त्यांनी खिडक्या बुजवून किल्ला केला. हे आर्चबिशप साधेसुधे नाहीत बरं, जर्मन राजा निवडायला जे सात जण मत द्यायचे, १३५६ पासून कायद्यानं, त्यातले एक ट्रिअरचे. मग सतराव्या शतकात त्यांना राजवाडा हवा झाला, तर दरबाराच्या दोन भिंती पाडल्या आणि उरलेल्या राजवाड्यात घेतल्या. गुलाबी केक अठराव्या शतकातला. फ्रेंच आणि प्रशियनांनी तिथे सैनिक ठेवले. आणि शेवटी प्रशियाच्या राजानं पाडलेल्या भिंती परत उभ्या केल्या आणि १८५६ मधे ते प्रोटेस्टंट चर्च केलं, कट्टर कॅथलिक गावाच्या मधोमध! म्हणजे सत्ता कुणाची ते दाखवायला पंधराशे वर्षांनीपण तीच खोली. ऑगस्ट १९४४ मधे बाँब पडून आतून जळालं, ५० च्या दशकात दुरुस्त करताना आतून गिलावा केलाच नाही, नुसत्या विटा ठेवल्या. तुला जे धस्स झालं ते त्या उघड्या विटांमुळे. रोमन काळात आत संगमरवर होता.

शंकासूर
आता मुद्द्याचं बोलतो. नेपोलियननं चर्च पाडलं ते बरोबर का चूक? आठशे वर्षं ते चर्च होतं. म्हणजे रोमनांच्या हातात दरवाजा म्हणून जेवढा काळ होता त्यापेक्षा जास्त काळ चर्च होतं! एका माणसाला रोमन आवडतात म्हणून मधली आठशे वर्षं खरवडून टाकायची? आणि हा नेपोलियन त्याच वर्षी स्वतःला सम्राट करून घेत होता, ट्रिअरच्या आधी आखेनला, मध्ययुगातल्या सम्राट शार्लमेनच्या दारात जाऊन आला होता. त्याला इतिहासाचं प्रेम नव्हतं, बॅकग्राऊंड पाहिजे होता.

दगडोबा
पण शंकासूर, न काढतं तर आज कुणाला कळलं असतं आत काय आहे ते?

शंकासूर
कळलं असतं की. नसतं कळलं तरी आभाळ कोसळलं नसतं. मूळ, मूळ करत खणत गेलं की मधे जे जगलं त्याची माती होते. हे मी जर्मनीबद्दलच बोलतोय, कृपया कुणी धागा इतरत्र नेऊ नये.

कडवट
आता नक्की नेणार कुणीतरी. पॉपकॉर्न आणतो.

राईनकाठचा
मला वेगळीच गंमत वाटते. एकोणिसाव्या शतकात जर्मनांचा राष्ट्रीय हिरो कोण, तर हेर्मान, ज्यानं इ.स. ९ मधे रोमनांच्या तीन पलटणी कापून काढल्या. डेटमोल्डजवळ १८७५ मधे त्याचा अवाढव्य पुतळा उभा केला. आणि त्याच देशाच्या राजाला म्हणायचं कैसर, आणि त्याआधीच्या साम्राज्याचं नाव १८०६ पर्यंत पवित्र रोमन साम्राज्य! म्हणजे रोमनांना हाणलं याचाही अभिमान आणि आम्हीच रोमन याचाही. ट्रिअरचे मूळ लोक ट्रेव्हेरी तर जर्मनही नव्हते, केल्टिक होते, ऑगस्टसनं गावाचं नाव त्यांच्यावरून ठेवलं. आणि गाव लुटलं कुणी, तर फ्रँकांनी, जे आजच्या मंडळींचे पूर्वज.

आजीचा_बटवा
ते लुटालुटीवरून आठवलं. पाचव्या शतकात साल्व्हियन म्हणून एक पाद्री होता, तो लिहून ठेवतो की ट्रिअर चौथ्यांदा लुटलं गेलं, रस्त्यात प्रेतं पडलीत, आणि उरलेले बडे लोक बादशहाकडे अर्ज काय करतात, तर सर्कसचे (म्हणजे रथांच्या शर्यतींचे) खेळ परत चालू करा! धान्य नको, तट नको, खेळ पाहिजेत. चिडून चिडून लिहिलंय बिचाऱ्यानं.

कडवट
साल्व्हियन माझा मूळपुरुष असणार.

ए२ची_विद्यार्थिनी
लोल. मार्क्स पण तिथलाच ना? कुणीच कसं काढलं नाही त्याचं नाव अजून?

वाटसरू
काढणारच होतो. बाबा बँकेच्या युनियनमधले, त्यांना दरवाजे बिरवाजे काही नको होते, सकाळपासून एकच : मार्क्सचं घर. ब्र्युकनश्ट्रासेवर १८१८ मधे जन्मला ते घर म्युझियम आहे, ते नीट दोन तास बघितलं. पण तो वाढला ते दुसरं घर, सिमिऑनश्ट्रासेवर, पोर्टा निग्राच्या अगदी तोंडाशी, आणि त्या घराच्या तळमजल्यावर बरीच वर्षं एक युरोत सगळं मिळणारं दुकान होतं. बाबा ते ऐकून पाच मिनिटं हसत होते. २०१८ मधे दोनशेव्या जन्मदिनाला चीननं चौथऱ्यासकट साडेपाच मीटरचा पुतळा भेट दिला, घ्यावा की न घ्यावा यावर गावात जोरदार भांडणं झाली, शेवटी बसवला. त्याच वर्षी मार्क्सच्या चेहऱ्याची शून्य युरोची नोट काढली आणि ती तीन युरोला विकली. भांडवलावर एवढं लिहून माणसाची शेवटी ही गत.

पण विचार करा, हे पोरगं शाळेत जाताना रोज काय बघत होतं? नुकतंच चर्च सोलून काढलेला रोमन दरवाजा. एका सत्तेनं बांधला, दुसरीनं झाकला, तिसरीनं उघडला. काहीतरी झालं असेलच की डोक्यात. (हे माझं मत, संदर्भ मागू नये.)

शंकासूर
संदर्भ द्या.

दगडोबा
जाता जाता, म्युझियममधली सोन्याची नाणी बघितली का कुणी? १९९३ मधे बांधकामाच्या खड्ड्यात जेसीबीच्या तोंडाला हंडा लागला, अडीच हजाराहून जास्त नाणी, साडेअठरा किलो सोनं! हंडा फुटून काही नाणी मातीबरोबर ट्रकमधून भराव टाकायला गेली, तिथे लोकांनी शोधून काढली. २०१९ मधे चोर घुसले होते पण काच फुटली नाही. तिकडचे बिल्डर खरोखर वैतागतात हो, गुरांच्या बाजाराच्या चौकात पार्किंग करायला खणलं तर स्नानगृहं निघाली, आता त्यावर काचेची पेटी बांधलीय.

चिवचिवाट
वाटसरू, शाकाहारी जेवणाचं काय करता? आईंना घेऊन जायचंय मलापण. आणि चालायला किती आहे?

वाटसरू
चालणं सगळं सपाट, फक्त अँफिथिएटर (रोमनांचं उघडं गोल प्रेक्षागृह) जरा लांब आणि थोडा चढ. आणि पोर्टा निग्रात वर चढायला पायऱ्या आहेत, गुडघ्यांचा त्रास असेल तर खालूनच बघा. जेवणाचं म्हणशील तर आईनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती, तिला बाहेरचं चालत नाही. दुपारी अँफिथिएटरला पोचलो, छान ऊन, हिरव्यागार गवताचा उतार, कुणी नाही. डबा उघडला. आणि मी नको तिथे माहिती द्यायला गेलो, की कॉन्स्टंटाईननं फ्रँकांचे दोन राजे पकडून इथेच जनावरांपुढे टाकले होते. आईनं विचारलं, इथे म्हणजे नक्की कुठे? मी खालच्या मैदानाकडे बोट दाखवलं. तिनं डब्याचं झाकण परत लावलं, पिशवीत ठेवलं आणि म्हणाली, "चल, बाहेर बसस्टॉपवर बाकडं होतं."